पलूस ते बर्मिंगहॅम, इंग्रजीशिवाय : एका विमानप्रवासाचं प्रकरण

पलूस तालुक्यातलं जोडपं. काका एकाहत्तर वर्षांचे, साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर क्लार्क होते, आता निवृत्त. काकू सहासष्टच्या. उजवा गुडघा मिरजेत बदलून घेतलेला, सपाट जमिनीवर हळूहळू चालतात, जिना म्हटलं की थांबतात. काकांचं शिक्षण सातवीपर्यंत, काकूंनी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. लेक बर्मिंगहॅमला. पहिलटकरीण, तारीख ऑक्टोबरच्या मध्यावर, आणि माहेरी येऊन बाळंत होणं तिच्या नोकरीत बसणारं नव्हतं. मग आईनेच तिकडे जायचं ठरलं. आई जाणार म्हणजे वडील मागोमाग. सोबतीला तिसरं कोणी नाही.

सांगलीत विश्रामबागला माझं तिकीट-व्हिसाचं छोटं ऑफिस आहे. पोरांकडे परदेशी जाणारे आईवडील हेच माझं मुख्य गिऱ्हाईक, त्यामुळे हे प्रकरण जगावेगळं म्हणून लिहीत नाही. अगदी नेहमीचं आहे म्हणून लिहिते. घरच्यांची भीती ठरलेली असते: एवढा मोठा विमानतळ, इंग्रजी येत नाही, हरवले तर? माझं मत वेगळं आहे. विमानतळाच्या मोठेपणानं माणसं हरवत नाहीत. बाण, अक्षरं, आकडे तिथे पावलोपावली असतात. घोटाळा होतो तो एकाच्या ताब्यातून दुसऱ्याच्या ताब्यात जाताना. पुतण्या दारात सोडतो तिथे, काउंटरवरून खुर्ची ढकलणाऱ्याकडे जाताना, एका विमानातून दुसऱ्याकडे जाताना. असे हातबदल जितके कमी करता येतील तितके करायचे, आणि उरतील तिथे त्यांच्या हातात काय असेल ते घरीच ठरवायचं. बाकी सगळं त्यांना जमतं.

तिकीट

लेकीनं इंटरनेटवर एक तिकीट शोधून ठेवलं होतं. मुंबई-दुबई-बर्मिंगहॅम, दुबईत मध्ये जेमतेम दीड तास. स्वस्त होतं आणि एकूण तासही कमी दिसत होते. तरण्याताठ्या माणसाला चाललं असतं. पण काकूंना व्हीलचेअर लागणार होती, आणि व्हीलचेअरची एक गोष्ट घरी सहसा कोणाला माहीत नसते: खुर्चीवाला प्रवासी विमानात आधी चढतो आणि सगळ्यांच्या शेवटी उतरतो. विमान रिकामं होईपर्यंत जागेवर बसून राहायचं, मग खुर्चीची वाट बघायची. त्यात मधल्या विमानतळावर हातातलं सामान पुन्हा एकदा मशीनमधून काढावं लागतं. दुबईच्या तीन नंबर टर्मिनलला ए, बी, सी असे वेगवेगळे भाग आहेत, आणि ए भागाकडे जाणारी चालकाविना धावणारी एक छोटी गाडी आहे. हे सगळं दीड तासात बसलं तर बसलं. नाही बसलं तर सकाळच्या विमानाऐवजी संध्याकाळचं, आणि मधला दिवस दोघांनी कुठल्यातरी बाकड्यावर काढायचा.

म्हणून दोहा. तिथला हमद विमानतळ 2014 साली सुरू झाला. मोठा आहेच, पण टर्मिनल एकच आहे. ए पासून ई पर्यंतची सगळी गेटं एकाच छताखाली, त्यामुळे भलत्याच टर्मिनलला जाऊन बसण्याचा धोका नाही. मधे सव्वातीन तास मिळत होते. पैसे थोडे जास्त पडले. जावई फोनवर कुरकुरला, लेक म्हणाली, "घ्या ताई, तेच घ्या."

पुतण्याची आणखी एक सूचना होती. कोल्हापूरहून मुंबईला विमानानं जाऊ दे की, पावणेचारशे किलोमीटर गाडीत कशाला बसवायचं? ऐकायला बरं वाटतं. पण ते तिकीट वेगळं पडतं. वेगळ्या तिकिटावरचं पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं गेलं, तर दुसरी कंपनी त्याला बांधील नसते. शिवाय मुंबईत बॅगा पट्ट्यावरून उतरवून पुन्हा लावायच्या. म्हणजे एक हातबदल वाढला. महालक्ष्मी एक्स्प्रेसचाही विचार झाला, पण ती सकाळी सीएसएमटीला सोडते आणि यांचं विमान पहाटेचं. अख्खा दिवस मुंबईत काढायचा कुठे? शेवटी घरची गाडी आणि पुतण्या हेच नक्की झालं.

तारखेचा तिढा वेगळाच होता. काकूंचं म्हणणं, गौरी घरातून गेल्याशिवाय निघायचं नाही आणि पितृपंधरवड्यात परदेशी पाऊल टाकायचं नाही. 2025 साली गौरी विसर्जन 2 सप्टेंबरला, अनंत चतुर्दशी 6 तारखेला आणि लगेच पुढे पक्ष. त्यातून अनंत चतुर्दशीला मुंबईत गाडी घालणं म्हणजे विमान सोडून देण्याचीच तयारी. उरले मधले तीन-चार दिवस. शुक्रवार 5 सप्टेंबर, पहाटे पावणेचारचं विमान मिळालं.

आता हे 'शुक्रवार पहाटे पावणेचार' फार दगाबाज असतं. आपल्याकडे माणूस रात्री झोपून उठला की तारीख बदलते. तिकिटावर ती मध्यरात्री बारालाच बदललेली असते. पाच तारखेचं विमान म्हणून पाच तारखेला दुपारी घरातून निघालेली कुटुंबं आहेत, आणि विमान त्यांच्या आधी बारा तास गेलेलं असतं. म्हणून तिकिटाची तारीख मी घरच्यांना सांगतच नाही, घर सोडायची तारीख सांगते. काकांच्या भिंतीवरच्या कालनिर्णयवर चार तारखेच्या, गुरुवारच्या चौकोनात तांबड्या पेनानं लिहायला लावलं: 'दुपारी 1 ला निघणे.' पाचच्या चौकोनात काहीच लिहायचं नाही.

व्हीलचेअरची मागणी तिकिटासोबतच नोंदवली. निदान अठ्ठेचाळीस तास आधी कळवायचं असतं, पण तेवढं ताणायचं कशाला? महत्त्वाचं होतं ते खुर्ची कुठल्या प्रकारची मागायची. तीन प्रकार असतात. जिना चढता येतो पण लांब चालवत नाही, हा पहिला. जिना जमत नाही पण विमानात आपल्या जागेपर्यंत चालता येतं, हा दुसरा. अजिबात चालता येत नाही, हा तिसरा. घरचे लोक 'व्हीलचेअर हवी' एवढ्यावर खूण करतात आणि बहुतेक वेळा पहिला प्रकार पडतो. मग विमान लांब मैदानात उभं असलं, बसमधून नेऊन शिडी लावली, की तो प्रवासी शिडी चढेल असं गृहीत धरलेलं असतं. काकूंना दुसरा प्रकार लावून घेतला. त्यांच्यासाठी शिडीऐवजी वर उचलणारी गाडी येते.

बॅगा

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, आणि जायलाच हवा होता. बाळंतपणाला निघालेल्या आईची बॅग विमानतळाच्या नियमांशी जेवढी भांडते तेवढी दुसरी कुठली भांडत नसेल.

मी घरी गेले तेव्हा पलंगावर सगळं मांडलेलं होतं. डिंक, खारीक, गोडंबी, हळीव, बाळंतशोपा, सुंठ, ओवा. घरच्या म्हशीचं साजूक तूप, दोन बरण्या. खोबऱ्याच्या वाट्या, चांगल्या किलोभर. खसखस. वर्षाची चटणी, म्हणजे आपला कांदा-लसूण मसाला. लिंबाचं लोणचं. भडंग. तासगावचा बेदाणा. कोणीतरी साताऱ्याहून आणलेले कंदी पेढे. अंगणातला कढीपत्ता ओल्या फडक्यात गुंडाळून.

खोबऱ्यापासून सुरुवात केली. सुकं खोबरं विमानात नेत नाहीत, ना हातात, ना मोठ्या बॅगेत. त्यात तेल फार असतं आणि मालवाहतुकीच्या नियमात ते आपोआप तापणाऱ्या वस्तूंत धरलेलं आहे. काकूंनी वाटी हातात घेऊन माझ्याकडे बघितलं. "आवं ताई, हे खोबरं पेटतंय व्हय? चाळीस वर्सं डब्यात हाय माझ्या." मी म्हटलं, "तुमच्या डब्यात नाही पेटणार काकू, पण ते लोक ठेवून घेतील." वाट्या बाजूला.

तूप आणि पेढे विमानात चालले असते, प्रश्न उतरल्यावरचा होता. ब्रिटनमध्ये भारतातून दूध आणि दुधाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. तूप त्यातच आलं, पेढेही आले. ताजा कढीपत्ता, ताजी भाजी हे पीक-आरोग्याच्या दाखल्याशिवाय चालत नाही. कढीपत्ता फडक्यासकट पुतणीनं स्वयंपाकघरात नेला.

खसखस हा वेगळा विषय आहे आणि मी तो दर वेळी दारात उभी राहून दोनदा सांगते. अफूच्या बोंडातलं बी आहे ते. आपल्याकडे वाण्याच्या दुकानात मिळतं, ब्रिटनमध्येही चालतं, पण संयुक्त अरब अमिरात, सौदी, सिंगापूर इथे ती बंदी असलेल्या अमली पदार्थांत मोडते. दुबईत खसखशीसकट सापडणं म्हणजे दंड भरून सुटका एवढ्यावर भागेलच असं नाही. यांचा रस्ता दोह्यावरून होता, तरी आखाती देशातून जाताना हा धोका मी घेऊ देत नाही. आणि गंमत पुढेच होती. खसखशीची पुडी काकूंनी निमूट काढून दिली, पण चटणीत काय काय घातलंय विचारलं तर म्हणाल्या, "धणं, तीळ, खोबरं, खसखस, समदंच की." ती चटणी राहिली. धाकट्या जावेनं दोन दिवसांत खसखस-खोबऱ्याविना नवीन कुटून दिली. तीही मोठ्या बॅगेत, कारण मिरचीची पूड हातातल्या बॅगेत चालत नाही.

मग लाडवांचं काय? काकू थोड्या हिरमुसल्या होत्या. ठरलं ते असं, की डिंक, खारीक, गोडंबी, हळीव, सुंठ हे कोरडं सामान इथून न्यायचं. तूप आणि खोबरं तिथल्या भारतीय वाण्याच्या दुकानातून लेकीनं आणून ठेवायचं. लाडू तिकडेच वळायचे. बर्मिंगहॅममध्ये गुजराती-पंजाबी वस्ती जुनी आणि दांडगी आहे, तूप-खोबऱ्याला तोटा नाही. लोणचं दोन प्लॅस्टिक पिशव्यांत, मग घट्ट झाकणाच्या डब्यात, मग मोठ्या बॅगेच्या मधोमध कपड्यांत.

वजनाचं काम काकांनी हाती घेतलं आणि मला त्यात बोलायला जागाच ठेवली नाही. गावातल्या अडत दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा मागून आणला. आधी रिकाम्या बॅगा. "गाडी रिकामी वजन केल्याशिवाय भरलेलीचा काय उपेग?" जुनी चामड्याची एक बॅग रिकामीच सहा किलोच्या वर भरली. ती बाद. तिकिटावर जेवढे किलो लिहिले होते त्यापेक्षा प्रत्येक बॅग दीड किलो कमी भरली, कारण काट्याकाट्यात फरक असतो हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. एक बॅग बत्तीस किलोच्या वर कुठेच घेत नाहीत, पण तो प्रश्न आलाच नाही.

शेवटी काकांचे खिसे. बंडीच्या खिशात चंची, चंचीत अडकित्ता. हातातल्या सामानात धारेचं काही जात नाही. "मग सुपारी काय दातानं फोडू?" तर सुपारी घरीच कातरून छोट्या डबीत भरली आणि अडकित्ता मोठ्या बॅगेत गेला. कमरेला चांदीचा करदोटा होता, तो काढायला ते तयार नव्हते. मीही आग्रह केला नाही. तपासणीचा दरवाजा वाजला तर जवानाला आपण होऊन बोट लावून दाखवायचं, एवढं ठरलं. काकूंच्या गुडघ्यातल्या धातूसाठी मिरजेच्या डॉक्टरांचं इंग्रजीतलं पत्र घेतलं. पुतण्यानं दिलेली पॉवर बँक मात्र उलटी: ती मोठ्या बॅगेत चालत नाही, हातातच ठेवायची. औषधंही हातात, पाकिटासकट, चिठ्ठीसकट.

चिठ्ठी

पोरं आईवडिलांना व्हॉट्सॲपवर बारा-पंधरा सूचना पाठवतात, व्हिडिओ पाठवतात. विमानतळाच्या दारात मोबाइल बंद पडला किंवा चष्मा सापडला नाही की सगळं गेलं. मी एक पोस्टकार्डाएवढा जाड कागद देते, शर्टाच्या वरच्या खिशात मावेल असा. काकांना इंग्रजी वाचता येत नाही असं घरचे सांगत होते. मी विचारलं, "काट्यावर गाड्यांचे नंबर कोण लिहायचं?" ते म्हणाले, "मीच की. तीस-बत्तीस वर्सं." एमएच 10, एमएच 11, एमएच 09, पुढे दोन अक्षरं, पुढे चार आकडे. रात्रपाळीत, धुळीनं भरलेल्या पाट्या, ट्रॅक्टर पुढे सरकत असताना. ज्याला हे वाचता येतं त्याला विमानतळ वाचता येतो. विमानाचा नंबर म्हणजे दोन अक्षरं आणि आकडे. गेट म्हणजे एक अक्षर आणि आकडा. शहर म्हणजे तीन अक्षरं. बाकीची इंग्रजी सजावट आहे.

म्हणून कार्डावर अक्षरं मोठ्या इंग्रजी लिपीत आणि बाकी मराठीत. मजकूर साधारण असा होता:

मुंबई बी ओ एम. दोहा डी ओ एच. बर्मिंगहॅम बी एच एक्स. काउंटरवर बॅगेला लावलेल्या पट्टीवर बी एच एक्स असलं पाहिजे. डी ओ एच एवढंच असेल तर बोट दाखवून विचारायचं.

काउंटरवरून प्रत्येकी दोन पास घ्यायचे. एकूण चार. दुसऱ्या पासावर गेट नसेल, घाबरायचं नाही, ते दोह्यात फलकावर येतं.

दोह्याचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागं. पासावरची वेळ तिथल्या घड्याळाची.

पासपोर्ट दाखवायला द्यायचा, परत घ्यायचा, पिशवीत ठेवायचा, मग पुढे. खुर्ची ढकलणाऱ्याकडे पासपोर्ट ठेवून द्यायचा नाही.

एकमेकांची चुकामूक झाली तर दोह्यात मोठ्या पिवळ्या अस्वलापाशी.

मागच्या बाजूला लेकीचा पत्ता, फोन, परतीची तारीख आणि इंग्रजीत तीन ओळी: आम्ही लेकीकडे चाललोय, इंग्रजी येत नाही, मराठी आणि थोडं हिंदी येतं. हे कार्ड मी काकूंना दोनदा वाचून दाखवलं. त्यांना अक्षर येत नसलं तरी ओव्या तोंडपाठ असणारी बाई आहे ती.

सहार

गाडी दुपारी एकला निघाली. कराड, सातारा, खंबाटकी, पुणे, बोरघाट. मुंबई विमानतळाची दोन टर्मिनलं एकमेकांपासून काही किलोमीटर लांब आहेत, सांताक्रूझकडचं एक नंबरचं आणि सहारचं दोन नंबरचं. आंतरराष्ट्रीय विमानं सहारची. पुतण्याला मी टर्मिनल दोन, चौथा मजला, 'डिपार्चर' एवढंच लिहून दिलं होतं. खालच्या मजल्यावर येणाऱ्यांची गर्दी असते, तिथे गाडी घातली की पुन्हा वळसा.

साडेअकराला ते दारात होते. आत फक्त प्रवासी जातात. दारावरचा सीआयएसएफचा जवान तिकीट आणि पासपोर्ट बघून आत सोडतो, सोडायला आलेला माणूस बाहेरच. हा पहिला हातबदल, आणि सगळ्यात रडारडीचाही हाच. पुतण्याला सांगून ठेवलं होतं की दारात निरोप घेत बसायचा नाही, निरोप पनवेलच्या चहाला घ्यायचा. दारात फक्त ट्रॉली, छापील तिकीट आणि चालायला लागायचं. गाडी तिथे फार वेळ उभी करू देत नाहीत. पुतण्यानं मग पार्किंगमध्ये जाऊन थांबायचं होतं, बॅगा लागल्याचा फोन येईपर्यंत. एखादी बॅग परत द्यायची वेळ आली तर ती घ्यायला माणूस हवा.

काउंटरवर खुर्ची आली. बॅगा गेल्या. काकांनी पट्टी हातात धरून अक्षर अक्षर लावून बघितलं. मागे रांग होती, पण ते हलले नाहीत. काउंटरवरच्या मुलीनं स्वतःच कार्डावरच्या तीन अक्षरांवर पेन टेकवून "बरोबर, बाबा" म्हटलं. नागपूरची होती म्हणे. पास मोजले: चार.

इमिग्रेशनला फॉर्म भरावा लागेल ही एक जुनी भीती घरात होती. भारतीय नागरिकांना देश सोडताना भरायचा तो फॉर्म 2017 च्या जुलैपासून बंद झाला. शिक्का बसला. सुरक्षा तपासणीला काकूंना पडद्याआड महिला जवानानं तपासलं. गुडघ्यापाशी यंत्र वाजलं, पत्र दाखवलं, झालं. काकांनी दरवाजातून जायच्या आधीच शर्ट वर करून करदोटा दाखवला. जवान हसला आणि हातातलं यंत्र फिरवून मोकळा झाला. डिजियात्रा नावाचं, चेहऱ्यावरून ओळख पटवणारं ॲप घ्यावं का, असं जावयानं विचारलं होतं. ते देशांतर्गत प्रवासापुरतं आहे, इथे त्याचा उपयोग नव्हता.

खुर्चीचा एक फायदा कोणी मोजत नाही. मुंबईच्या टर्मिनल दोनमध्ये तपासणीनंतर गेटापर्यंतचं चालणं भलतं लांब आहे, मधे दुकानांची नागमोडी वाट. खुर्ची ढकलणाऱ्याला सगळे आडरस्ते ठाऊक असतात. काका नुसते मागे चालले. भिंतीवर ठेवलेल्या जुन्या लाकडी मूर्ती आणि वाड्यांचे दरवाजे बघून म्हणाले, आपल्या औंधच्या म्युझियमसारखं हाय.

दोहा

प्रकरणातली कठीण जागा इथेच होती, आणि ती कोणाच्या चुकीनं आली नाही.

विमान वेळेवर उतरलं. ठरल्याप्रमाणे सगळ्यांच्या शेवटी हे दोघं बाहेर आले. खुर्ची आली, तपासणी झाली, आणि मदतीच्या प्रवाशांना बसवतात त्या जागी काकूंना आणून बसवलं. पुढचं विमान लागायला वेळ होता, म्हणून खुर्चीवाला दुसऱ्या कामाला गेला. हीच तिथली पद्धत आहे, वेळ झाली की ते न्यायला येतात. काकांनी पास काढला. पुढचं विमान सव्वाआठचं. मनगटावरच्या एचएमटीत बघितलं तर आठ वाजून वीस मिनिटं.

"गेलं की गं इमान!"

हे मला नंतर काकूंनी सांगितलं, हसत. तेव्हा त्या हसत नव्हत्या. काका उठले आणि विचारायला म्हणून चालू लागले. दहा-पंधरा दुकानं ओलांडल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आलो कुठून तेही सांगता येत नाही. पण समोर ते अस्वल होतं. तेवीस फुटी, पिवळंधमक, डोक्यातून दिवा निघालेलं. स्विस शिल्पकार उर्स फिशरचं काम आहे ते, विमानतळाच्या मुख्य चौकात बसवलेलं. कलेचं मला फारसं कळत नाही, पण एवढ्या झगमगाटात निरक्षर माणसालाही सांगता येईल अशी एक खूण कोणीतरी ठेवली, हे फार शहाणपणाचं काम झालं. अस्वलाजवळच्या फलकावर काकांनी विमानाचा नंबर शोधायला सुरुवात केली, वरून खाली, काट्याच्या रजिस्टरात शोधायचे तसा. दोन अक्षरं, आकडे, पुढे बी एच एक्स. वेळ 8:15. विमान गेल्याची काहीच खूण नाही. फलकाच्या कोपऱ्यात घड्याळ: 5:58.

तोवर इकडे काकूंनी शेजारच्या खुर्चीवरल्या केरळच्या बाईला हाताच्या खुणांनी काहीतरी समजावून, एका कर्मचाऱ्याला बोलावून घेतलं होतं. त्याला हिंदी येत होतं, तिथे बऱ्याच जणांना येतं. काकूंनी सांगितलं, "हमारा माणूस अस्वल के पास गया होगा." तो गेला आणि काकांना घेऊन आला. आल्या आल्या काकू म्हणाल्या, "ताईनं सांगितलं न्हवतं व्हय, तितं घड्याळ अडीच तास मागं चालतंय? कार्ड काय खिशात शोभेला ठेवलंय?"

काकांनी घड्याळ मागं केलं. मग दीड तास दोघांनी भडंग खाल्लं. गेट फलकावर आलं, खुर्ची आली, आणि ते पहिले विमानात चढले.

या प्रसंगावरून मी एक बदल केला आहे, तो पुढे सांगते. पण सव्वातीन तासांच्या ऐवजी मधे दीड तास असता, तर काकांची पंधरा मिनिटांची ही भटकंती अगदी वेगळ्या तऱ्हेनं संपली असती, हे लेकीला मी मुद्दाम सांगितलं. तिकिटातला स्वस्तपणा आणि म्हाताऱ्या माणसांची घबराट यांचा हिशेब एकत्रच करावा लागतो.

बर्मिंगहॅम

इथलं थोडक्यात. ब्रिटनमध्ये उतरल्यावर भरायचं कार्ड 2019 सालीच बंद झालं. भारतीय पासपोर्टला यंत्राचं आपोआप उघडणारं दार चालत नाही, अधिकाऱ्यापुढेच उभं राहावं लागतं. खुर्चीमुळे रांग छोटी मिळाली. अधिकाऱ्यानं विचारलं, काकांनी कार्डाची मागची बाजू, परतीचं तिकीट आणि लेकीचं निमंत्रणाचं पत्र एकावर एक ठेवून पुढे केलं. आणखी दोन प्रश्न विचारले म्हणे, काय ते काकांना कळलं नाही. ते प्रत्येकाला "डॉटर, बेबी" म्हणाले आणि ते पुरलं. बॅगा दोन्ही आल्या. डब्यातलं लोणचं जागचं हललं नव्हतं.

परतीला, बाळ अडीच महिन्यांचं झाल्यावर, कार्ड उलट क्रमानं लिहून मी फोटो पाठवला आणि लेकीनं तो मोठ्या अक्षरात उतरवून दिला. मुंबईत उतरल्यावर पुतण्या बाहेर नेमका कुठल्या खांबाखाली उभा राहील तेही त्यात होतं. काकूंनी दोह्यात घड्याळाचा काटा स्वतःच्या देखरेखीखाली फिरवून घेतला.

आता कार्डात काय बदललं

घड्याळाची ओळ मी तिसरी ठेवली होती, आता ती सगळ्यात वर आहे. आणि नुसतं 'अडीच तास मागं' असं न लिहिता दोन्ही वेळा शेजारी शेजारी लिहिते: तिथले सव्वाआठ म्हणजे आपल्या घड्याळात पावणेअकरा. मागं-पुढंचा हिशेब झोपमोड झालेल्या माणसाला जमत नाही, जुळवून बघणं जमतं.

दुसरी भर नव्या विमानतळामुळे पडली. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 ला झालं आणि 25 डिसेंबरपासून तिथून विमानं सुटू लागली. आपल्या बाजूच्या माणसाला ते सोयीचं आहे, पनवेल आलं की जवळच उलवे, पुढची वाशी-चेंबूरची कोंडी वाचते. पण आता 'मुंबईचं विमान' एवढं सांगून भागत नाही. विमानतळ दोन आहेत आणि रात्री अकराला पनवेलजवळ चुकीचा रस्ता धरला तर तो निस्तरायला तास-दीड तास सहज जातो. म्हणून कार्डाची एक प्रत आता गाडी चालवणाऱ्यालाही देते. तिकिटावर बी ओ एम असेल तर सहार किंवा सांताक्रूझ आणि सोबत टर्मिनलचा आकडा. एन एम आय असेल तर उलवे. गेल्या आठवड्यात जतचं एक जोडपं सिंगापूरला गेलं, त्यांच्या ड्रायव्हरनं कार्ड स्टिअरिंगजवळ चिकटवलं होतं, आणि त्यांच्या पुरणपोळीच्या डब्याखाली खसखशीची पुडी सापडली ती सांगलीतच.